३२ बिट, ६४ बिट आणि एआरएम : सगळ्यांसाठी एकच इन्स्टॉलेशन डिस्क

मूळ लेख

नमस्कार मंडळी,

डिस्क लावली, संगणक सुरू केला आणि काळ्या पडद्यावर एक ओळ उमटली. या कर्नलला (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला) एक्स८६-६४, म्हणजे ६४ बिट प्रोसेसर लागतो, पण येथे केवळ आय६८६, म्हणजे ३२ बिट सापडला. प्रोसेसरला योग्य असा कर्नल वापरावा, असा तिचा आशय होता. सूचना अगदी बरोबर होती. पण तो संगणक माझा नव्हता, त्याच्यासोबत कसलेही कागद नव्हते आणि माझ्याजवळ दुसरी डिस्कही नव्हती. त्या दिवशीचे काम तिथेच थांबले.

मी चौदा संगणक पुन्हा वापरात आणण्याचे काम हाती घेतले आहे. त्यांतील चार निव्वळ ३२ बिट आहेत. सात ६४ बिट आहेत आणि जुन्या बायोसवर चालतात. दोन लहान यंत्रांत प्रोसेसर ६४ बिट असला तरी फर्मवेअर (संगणक सुरू होताच चालणारा अंगभूत प्रोग्राम) ३२ बिट यूईएफआय, म्हणजे बायोसची नवी पिढी, आहे, आणि उरलेले एक एआरएम६४ जातीचे असून त्यातही यूईएफआय आहे. या सर्वांवर मला डेबियन १२ ही लिनक्स प्रणाली बसवायची आहे, कारण ३२ बिट आणि ६४ बिट अशा दोन्ही प्रकारच्या पीसींसाठी इन्स्टॉलर देणारी ती त्यांची अखेरची आवृत्ती आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये ३२ बिट पीसीचा इन्स्टॉलर नाही.

मला तीन-चार डिस्क सांभाळायच्या नाहीत. एकच आयएसओ (डिस्कची संपूर्ण प्रतिमा-फाइल) हवी, जी डीव्हीडीवर लिहिली तरी चालेल आणि पेनड्राइव्हवर उतरवली तरी चालेल. प्रोसेसर कोणता आहे हे डिस्क स्वतः ओळखू शकत असेल, तर तो प्रश्न समोरच्या माणसाला विचारू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्याला संगणक हवा आहे त्याला ३२ आणि ६४ यांतला फरक ठाऊक असण्याचे काही कारण नाही. हे कितपत शक्य आहे, आणि अडचण नेमकी कुठे येते, हे जाणकारांनी सांगावे.

प्रतिसाद १ : आधी प्रश्नाचे तुकडे करू

आपण ज्याला एक प्रश्न म्हणता ते खरे तर तीन प्रश्न आहेत, आणि ते एकमेकांत मिसळले की गोंधळ होतो. पहिला दाराचा: संगणकाचे फर्मवेअर डिस्कमधला सुरुवातीचा प्रोग्राम कसा शोधते. दुसरा निवडीचा: दार उघडल्यानंतर कोणता कर्नल चढवायचा हे कोण ठरवते. तिसरा साठ्याचा: दोन-तीन आर्किटेक्चरची (प्रोसेसरच्या जातींची) पॅकेजे एका डिस्कवर मावतात कशी.

बहुतेकांना तिसरा प्रश्न सर्वांत अवघड वाटतो, कारण तो डोळ्यांना दिसतो. प्रत्यक्षात तो सर्वांत सोपा आहे. १९९६ सालच्या विंडोज एनटी ४.० च्या सीडीवर इंटेल, अल्फा, मिप्स आणि पॉवरपीसी अशा चार आर्किटेक्चरसाठी चार वेगवेगळे फोल्डर शेजारी शेजारी होते, आणि हे सगळे एका साध्या सीडीत मावले होते. अल्फा, मिप्स आणि पॉवरपीसी यंत्रांचे फर्मवेअर आपापल्या फोल्डरातला लोडर उचलत असे आणि पीसीसाठी वेगळे बूट सेक्टर असे. म्हणजे फोल्डर वेगळे करणे ही कल्पना जुनी आहे आणि पुरेशी आहे. खरी कसोटी दारापाशी लागते.

प्रतिसाद २ : पहिले ३२ किलोबाइट

वरील प्रतिसादाशी मी पूर्ण सहमत आहे, आणि दाराविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण एकत्रित डिस्क बनवताना माझा बहुतांश वेळ तिथेच गेला आहे.

आयएसओ ९६६० या मानकात डिस्क २,०४८ बाइटच्या सेक्टरांत विभागलेली असते. त्यातले पहिले सोळा सेक्टर, म्हणजे ३२,७६८ बाइट, मानकाने मुद्दाम रिकामे सोडले आहेत. त्यांत काय लिहावे हे ज्या-त्या यंत्रणेवर सोपवले आहे. डिस्कची ओळख सांगणारी नोंद सोळाव्या क्रमांकाच्या सेक्टरपासून सुरू होते. तिच्या पुढच्या, सतराव्या सेक्टरमध्ये एल टोरिटो या मानकाची बूट नोंद असते. फिनिक्स आणि आयबीएम यांनी हे मानक जानेवारी १९९५ मध्ये प्रसिद्ध केले. ती नोंद एका यादीकडे बोट दाखवते, आणि त्या यादीत ३२-३२ बाइटच्या ओळी असतात. सुरुवातीच्या ओळीत आणि नंतरच्या प्रत्येक विभागाच्या शीर्षकात प्लॅटफॉर्मचा एक क्रमांक असतो: शून्य म्हणजे पीसी, एक म्हणजे पॉवरपीसी, दोन म्हणजे मॅक, आणि सोळा-अंकी पद्धतीतला ईएफ म्हणजे ईएफआय. वाचताना असे वाटते की सर्व आर्किटेक्चरचा विचार मानक करणाऱ्यांनी आधीच करून ठेवला आहे. पण यादी वाचायची की नाही हे फर्मवेअर ठरवते, आणि पीसी व ईएफआय सोडल्यास इतर यंत्रांनी या यादीकडे फारसे लक्ष दिलेच नाही. त्यांनी आपले दार त्या रिकाम्या सोडलेल्या ३२ किलोबाइटमध्येच बांधले.

आणि इथे भाऊबंदकी सुरू होते. पेनड्राइव्हवरून चालू होणाऱ्या पीसीला पहिल्या ५१२ बाइटमध्ये एमबीआर (सुरुवातीचा छोटा प्रोग्राम आणि विभागांचा तक्ता) हवे असते आणि त्याचे शेवटचे दोन बाइट ५५ आणि एए असेच असावे लागतात. सन स्पार्क यंत्रालाही त्याच पहिल्या ५१२ बाइटमध्ये आपले लेबल हवे असते. त्याची खूण ५०८ व ५०९ या बाइटांवर आणि तपासणीची बेरीज ५१० व ५११ या बाइटांवर असते. अल्फा यंत्र आपली बेरीज ५०४ पासून पुढचे आठ बाइट व्यापून लिहिते. एसजीआयच्या मिप्स यंत्राला अगदी शून्याव्या बाइटपासून आपली खूण हवी असते आणि ॲपलच्या विभाजन-नकाशालाही तीच जागा हवी असते. एका घराच्या एकाच उंबऱ्यावर पाच जणांनी हक्क सांगावा तशी ही परिस्थिती आहे, आणि डिस्क कितीही मोठी घेतली तरी हा उंबरा रुंद होत नाही.

तरीही काही जोड्या जमतात. आयसोहायब्रिड पद्धतीच्या, म्हणजे डीव्हीडी व पेनड्राइव्ह दोन्हींवरून चालणाऱ्या, डिस्कचे पहिले आठ बाइट हेक्स संपादकात उघडून पाहा: ४५ ५२ ०८ ०० ०० ०० ९० ९०. पहिले दोन म्हणजे 'ई' आणि 'आर' ही रोमन अक्षरे, जी ॲपलच्या विभाजन-नकाशाची खूण आहे. त्यापुढचे ०८ ०० म्हणजे २,०४८ बाइटचा ब्लॉक. पण बायोस हेच बाइट प्रोसेसरच्या सूचना म्हणून चालवतो. त्या दृष्टीने ४५ ही एका रजिस्टरमध्ये एक मिळवण्याची सूचना ठरते, ५२ ही एक मूल्य स्टॅकवर ठेवण्याची, पुढच्या दोन सूचना पीसीला त्या क्षणी बाधत नाहीत आणि ९० ही काहीच न करण्याची सूचना आहे. म्हणजे एकच आठ बाइट मॅकला नकाशा म्हणून वाचता येतात आणि पीसीला प्रोग्राम म्हणून चालवता येतात. हे पहिल्यांदा उलगडले तेव्हा मी बराच वेळ त्या आठ बाइटांकडे पाहत बसलो होतो.

ब्लॉक २,०४८ बाइटचा धरण्यामागेही कारण आहे. ५१२ चा धरला असता तर नकाशाची पहिली ओळ ५१२ व्या बाइटवर आली असती, आणि नेमकी तिथेच जीपीटी या नव्या विभाजन-पद्धतीची शीर्षनोंद असते. २,०४८ धरल्यामुळे नकाशा पुढे सरकतो आणि दोघांना जागा मिळते; मात्र जीपीटीच्या ओळींचा तक्ता नेहमीच्या जागेवरून आणखी पुढे न्यावा लागतो.

डेबियनने २००७ च्या ४.० आवृत्तीबरोबर आय३८६ (३२ बिट पीसी), एएमडी६४ (६४ बिट पीसी) आणि पॉवरपीसी या तिघांची मिळून एक सीडी काढली होती. हेच तिघे एकत्र का, याचे एक मोठे कारण वरच्या वर्णनात आहे: पहिले दोघे एकाच दाराने येतात आणि तिसऱ्याचे दार त्यांच्या दारावर येत नाही. स्पार्कलाही त्यात बसवायचे म्हटले असते तर एमबीआरवर पाणी सोडावे लागले असते. आपल्या यादीत स्पार्क किंवा अल्फा नाही, त्यामुळे आपले काम होईल.

प्रतिसाद ३ : यूईएफआयने केलेला उपकार

दाराचा इतिहास वर आलाच आहे. यूईएफआयमध्ये हा तंटा जवळपास मिटला आहे, आणि तो अतिशय साध्या युक्तीने मिटला आहे. काढता येणाऱ्या माध्यमावर फर्मवेअर फॅट या फाइल-पद्धतीचा एक विभाग शोधते, त्यात ईएफआय नावाचे फोल्डर, त्याच्या आत बूट नावाचे फोल्डर, आणि त्यात स्वतःच्या आर्किटेक्चरचे नाव धारण केलेली फाइल. ६४ बिट पीसी बूटएक्स६४ शोधतो, ३२ बिट यूईएफआय बूटआयए३२ शोधते आणि एआरएम६४ यंत्र बूटएए६४ शोधते. आर्किटेक्चर फाइलच्या नावातच असल्यामुळे या तिन्ही फायली एका फोल्डरात शेजारी ठेवता येतात आणि कोणी कोणाच्या वाटेला जात नाही. सिक्युअर बूट (फक्त सही केलेलेच प्रोग्राम चालू देणारी सोय) हवे असेल तर या नावांनी सही केलेली शिम (ग्रबला चालू करणारा छोटा प्रोग्राम) ठेवावी आणि ग्रब, म्हणजे मेन्यू दाखवून कर्नल चढवणारा लोडर, तिच्या शेजारी ठेवावे.

एक सावधगिरी मात्र बाळगा. डीव्हीडीवरून चालू होताना फर्मवेअर हा फॅट विभाग एल टोरिटोच्या यादीतून शोधते, आणि त्या यादीत विभागाचा आकार ५१२ बाइटच्या एककात, सोळा बिटांच्या रकान्यात लिहिलेला असतो. म्हणजे जेमतेम ३२ मेगाबाइट. कर्नल आणि इनिटआरडी (कर्नलसोबत चढणारी सुरुवातीची फाइल-व्यवस्था) त्या फॅट विभागात कोंबण्याचा मोह टाळावा. तिथे फक्त ग्रबच्या फायली ठेवाव्यात आणि बाकी सर्व आयएसओच्या मुख्य भागातून ग्रबला वाचू द्यावे.

आपल्या त्या दोन विचित्र यंत्रांबद्दल: फर्मवेअर ३२ बिट असले तरी ६४ बिट कर्नल चालवता येतो. लिनक्स कर्नलमध्ये ही मिश्र पद्धत ३.१५ या २०१४ सालच्या आवृत्तीत आली आणि डेबियनच्या इन्स्टॉलरने ती २०१५ च्या आठव्या आवृत्तीपासून हाताळली. इन्स्टॉल झाल्यावर हार्ड डिस्कवर बसणारे ग्रब मात्र ३२ बिट ईएफआयचेच असावे लागते, म्हणून त्याचे पॅकेज डिस्कवर असल्याची खात्री करा. हे विसरल्यास इन्स्टॉलेशन जवळजवळ शेवटापर्यंत सुरळीत जाते आणि ग्रब बसवण्याच्या पायरीवर अडकते.

प्रतिसाद ४ : निवड कोणी करावी?

(धागाकर्ता) सर्वांचे मनापासून आभार. दाराचे चित्र आता स्पष्ट झाले. निवडीविषयी विचारायचे आहे. बायोसवर चालणारा ३२ बिट आणि ६४ बिट पीसी एकाच दाराने आत येतात. मग आत आल्यावर त्यांना वेगळे कसे ओळखावे?

प्रतिसाद ५ : प्रोसेसरलाच विचारावे

एक्स८६ प्रोसेसर आपली ओळख सीपीयूआयडी या सूचनेने स्वतःच देतो. सोळा-अंकी ८००००००१ हा विस्तारित क्रमांक देऊन ती सूचना चालवली की ईडीएक्स रजिस्टरमध्ये गुणांची यादी मिळते, आणि त्यातला एकोणतिसावा बिट एक असेल तर प्रोसेसर ६४ बिट आहे. एप्रिल २००३ मध्ये एएमडीच्या ऑप्टेरॉनबरोबर ही पद्धत बाजारात आली. सिसलिनक्स या दुसऱ्या लोडरमध्ये हे तपासणारे तयार मॉड्यूल आहे, आणि ग्रबमध्ये सीपीयूआयडी या आज्ञेला एल हा पर्याय देऊन हीच विचारणा करता येते.

तरीही मेन्यूमध्ये दोन्ही पर्याय उघड दिसू द्यावेत, फक्त आपोआप निवडला जाणारा पर्याय प्रोसेसर पाहून ठरावा, असे मी सुचवेन. प्रोसेसर ६४ बिट असला तरी मेमरी एक गिगाबाइटच असेल तर ३२ बिट सिस्टिम त्या यंत्रावर अधिक मोकळेपणाने चालते, आणि हा निर्णय डिस्कला घेता येणार नाही. धागाकर्त्याने 'विचारू नये' म्हटले आहे ते मला पटते. पण विचारू नये याचा अर्थ जाणत्या माणसाला मार्ग बंद करावा असा होऊ नये.

याच्या उलट बाजूचा एक अनुभव सांगतो. बिघडलेली सिस्टिम दुरुस्त करण्यासाठी मी पूर्वी जी डिस्क वापरत असे तिच्यात प्रोग्राम सगळे ३२ बिट होते, पण कर्नल दोन होते, एक ३२ आणि एक ६४ बिट. मी एकदा सवयीने ३२ बिट कर्नल निवडला आणि हार्ड डिस्कवरच्या ६४ बिट सिस्टिममध्ये सीएचरूट करून, म्हणजे तिलाच मूळ सिस्टिम मानून, शिरू लागलो, तर फाइल चालवण्याजोग्या स्वरूपात नाही अशी त्रुटी आली. डिस्क खराब आहे असे समजून मी दोनदा नवी लिहिली. ३२ बिट कर्नल ६४ बिट प्रोग्राम चालवू शकत नाही, ६४ बिट कर्नल मात्र दोन्ही चालवतो. चूक फक्त मेन्यूतल्या निवडीची होती. आपोआप योग्य कर्नल निवडला गेला असता तर ती दुपार वाचली असती.

प्रतिसाद ६ : साठ्याबद्दल, कारण तो अगदीच दुर्लक्षित राहू नये

डेबियनच्या डिस्कवर पॅकेजांचे एकच कोठार असते आणि सूची मात्र प्रत्येक आर्किटेक्चरची वेगळी असते. ज्या पॅकेजांत फॉन्ट, भाषांतरे, कागदपत्रे किंवा पायथनसारख्या भाषेतला मजकूर असतो, त्यांच्या नावाच्या शेवटी 'ऑल' असते आणि ती कोठारात एकदाच ठेवली जातात. तिन्ही सूच्या त्याच एका फाइलकडे निर्देश करतात. म्हणून दुसरे आर्किटेक्चर जोडल्याने डिस्क दुप्पट होत नाही. एकपदरी डीव्हीडीची मर्यादा ४.७ गिगाबाइट आणि दुपदरीची ८.५ गिगाबाइट आहे. नेटवर्कवरून बाकीची पॅकेजे आणणारी छोटी डिस्क बनवणार असाल, तर तीन आर्किटेक्चर एकपदरी डीव्हीडीवर आरामात बसतील.

आयएसओ ९६६० मध्ये दोन वेगवेगळ्या फोल्डरांतल्या दोन नोंदी डिस्कवरच्या एकाच जागेकडे बोट दाखवू शकतात, हेही ध्यानात ठेवा. सारख्या फायली शोधून त्या एकदाच लिहिण्याची सोय आयएसओ बनवणाऱ्या साधनांत असते. मायक्रोसॉफ्टच्या ऑस्कडीइमेजमध्ये तर त्यासाठी स्वतंत्र पर्यायच आहे. थेट डिस्कवरून चालणारी लाइव्ह सिस्टिम असेल तर ३२ आणि ६४ बिट अशी दोन्ही झाडे एकाच स्क्वॉशएफएस (दाबून साठवलेल्या) फाइलमध्ये ठेवावीत, कारण ती फाइल बनवतानाच सारख्या फायली ओळखून एकदाच साठवल्या जातात. विंडोजच्या विम या इन्स्टॉलेशन-प्रतिमेच्या फाइलमध्येही प्रत्येक फाइल तिच्या एसएचए-१ ठशाने ओळखली जाते आणि अनेक आवृत्त्यांत ती समान असली तरी एकदाच साठवली जाते. असे असूनही विंडोज १० च्या माध्यम बनवण्याच्या साधनात 'दोन्ही' निवडल्यास ३२ आणि ६४ बिटसाठी दोन पूर्ण वेगळे फोल्डर तयार होतात. जागेचा हा खर्च त्यांनी बहुधा मुद्दाम स्वीकारला असावा, कारण ६४ बिट विंडोज पीई या छोट्या प्रणालीत ३२ बिट प्रोग्राम चालत नाहीत आणि प्रत्येकाचा सेटअप आपल्याच घरात असलेला सोयीचा पडतो.

प्रतिसाद ७ : थोडा विरोध नोंदवतो

वरील सर्व माहिती अचूक आहे, तरीही मला हा खटाटोप आवश्यक वाटत नाही. आर्च लिनक्सची दोन्ही आर्किटेक्चरची एकत्र आयएसओ २०१७ मध्ये बंद झाली. विंडोज ११ हे २०२१ मध्ये आले तेच फक्त ६४ बिटमध्ये. ३२ बिटचे दिवस सरले आहेत. शिवाय एकत्रित डिस्क तपासण्याचे काम गुणाकाराने वाढते: तीन आर्किटेक्चर, बायोस आणि दोन प्रकारचे यूईएफआय, त्यात पुन्हा डीव्हीडी आणि पेनड्राइव्ह. मेन्यूतली एक ओळ बदलली की हे सगळे पुन्हा तपासावे लागते. एक डिस्क बिघडली तर चौदाही संगणक अडतात. तीन डिस्क असत्या तर दोन शिल्लक राहतात.

प्रतिसाद ८ : जोडणी फायलीच्या आत असती तर?

वरील विरोधाला उत्तर धागाकर्ता देईलच. मी फक्त एका वेगळ्या वाटेची नोंद करतो. मॅक ओएस एक्स १०.५ ही आवृत्ती २६ ऑक्टोबर २००७ रोजी आली आणि तिची एकच डीव्हीडी पॉवरपीसी व इंटेल या दोन्ही मॅकवर चालत असे. तिथे फोल्डर वेगळे नव्हते. प्रत्येक प्रोग्रामची फाइलच जाड होती: सुरुवातीला सीएएफईबीएबीई ही चार बाइटची खूण, मग आत किती आर्किटेक्चर आहेत तो आकडा, मग प्रत्येकाचा प्रकार, जागा आणि आकार, आणि त्यानंतर दोन्ही प्रोग्राम एकामागोमाग एक. कर्नल आपल्याला हवा तो भाग उचलतो. ही पद्धत नेक्स्टस्टेपकडून आली होती आणि २०२० मध्ये इंटेलकडून एआरएमकडे जाताना ॲपलने ती पुन्हा वापरली.

या पद्धतीचा मोठा गुण असा की बसवलेली हार्ड डिस्कसुद्धा एका यंत्रातून काढून दुसऱ्या जातीच्या यंत्राला जोडता येते. लिनक्ससाठी रायन गॉर्डन यांनी २००९ मध्ये फॅटईएलएफ या नावाने असाच प्रस्ताव मांडला होता, पण तो स्वीकारला गेला नाही. मला त्याचे आजही वाईट वाटते. मात्र ज्यांच्याकडे पॅकेज-व्यवस्था आहे त्यांच्यासाठी आर्किटेक्चरनुसार वेगळी पॅकेजे हा मार्ग देखभालीला सोपा आहे, हेही मान्य केले पाहिजे.

प्रतिसाद ९ : तपासणीचा अहवाल

(धागाकर्ता) प्रतिसाद ७ मधील मुद्दा रास्त आहे, म्हणून उत्तर देण्याआधी डिस्क बनवली आणि तपासली. डिस्कच्या मुळाशी तीन फोल्डर आहेत: इन्स्टॉल.३८६, इन्स्टॉल.एएमडी आणि इन्स्टॉल.ए६४, प्रत्येकात आपापला कर्नल आणि इनिटआरडी. आयएसओ एक्सॉरिसोने बांधली, आणि बांधून झाल्यावर त्याच साधनाला एल टोरिटोची यादी व पहिले ३२ किलोबाइट यांचा अहवाल मागितला. आधी तो अहवाल वाचायचा आणि मगच डीव्हीडी लिहायची, ही सवय मी लावून घेतली.

तपासणी क्यूईएमयू या आभासी संगणक चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये केली. ६४ बिटची क्षमता नसलेला प्रोसेसर निवडून, मग ६४ बिट निवडून, मग ३२ बिट आणि ६४ बिट यूईएफआय जोडून, शेवटी एआरएम६४ चे आभासी यंत्र घेऊन. आणि हे सर्व दोन वेळा, एकदा आयएसओ सीडी म्हणून आणि एकदा हार्ड डिस्क म्हणून जोडून. सीडी म्हणून चालणारी आयएसओ डिस्क म्हणून चालेलच असे नाही, कारण एकीत दार एल टोरिटोचे असते आणि दुसरीत पहिल्या ५१२ बाइटचे.

पहिली चूक माझीच निघाली. मेन्यूत मी लिहिले होते की सीपीयूआयडीची विचारणा यशस्वी झाली तर ६४ बिट कर्नल, अन्यथा ३२ बिट. एआरएमच्या ग्रबमध्ये सीपीयूआयडी ही आज्ञाच नसते. विचारणा फसली, 'अन्यथा' लागू झाले आणि एआरएम यंत्रासमोर ३२ बिट पीसीचा कर्नल आला. ग्रबने तो नाकारला हे बरेच म्हणायचे. उपाय सोपा होता: ग्रब स्वतः कोणत्या आर्किटेक्चरसाठी बांधलेले आहे हे ग्रब_सीपीयू या चलात असते. आधी ते पाहायचे, एआरएम६४ असेल तर तिथूनच वाट वेगळी करायची, आणि सीपीयूआयडीला फक्त एक्स८६ च्या शाखेत विचारायचे.

खऱ्या यंत्रांवर आणखी दोन गोष्टी समोर आल्या. एका जुन्या लॅपटॉपचा बायोस पेनड्राइव्ह ओळखत होता पण चालू करत नव्हता. एमबीआरमधल्या एकाही विभागावर ८० ही सक्रियतेची खूण नसेल तर काही बायोस त्या पेनड्राइव्हला बूट करण्याजोगा मानतच नाहीत. खूण लावून आयएसओ पुन्हा बांधली आणि तो चालला. दुसरी गोष्ट मात्र सुटली नाही. ३२ बिटपैकी एका यंत्रात ईएफआयची अगदी सुरुवातीची पिढी आहे. त्यात डीव्हीडी घातली की पडद्यावर १ आणि २ असे दोनच आकडे येतात, बूटचा प्रकार निवडा अशी ओळ येते, आणि कळफलकाचे कोणतेही बटण चालत नाही. यादीत बायोस आणि ईएफआय अशा दोन नोंदी दिसल्यावर ते फर्मवेअर प्रश्न तर विचारते, पण उत्तर घेण्याची व्यवस्था त्याच्याजवळ नाही.

प्रतिसाद १० : त्या यंत्राला वेगळी डिस्कच द्या

शेवटच्या यंत्रावर अधिक वेळ घालवू नये, असे सांगेन. हा दोष जुना आणि अनेकांना माहीत असलेला आहे. डेबियनने अशा यंत्रांसाठी एक वेगळी आयएसओ काढली होती, जिच्यात ईएफआयची नोंदच ठेवली नव्हती. यादीत एकच नोंद असल्यामुळे फर्मवेअरला प्रश्न पडत नाही आणि ते बायोसच्या पद्धतीने सरळ चालू होते. आपल्याच फायलींतून एक्सॉरिसोच्या आज्ञेतला ईएफआयचा भाग वगळून ती डिस्क बनवता येईल.

प्रतिसाद ११ : सद्यस्थिती

(धागाकर्ता) सांगितल्याप्रमाणे केले. ईएफआयची नोंद नसलेली डीव्हीडी त्या यंत्रात घातल्यावर मेन्यू लगेच आला आणि ३२ बिटचा पर्याय आपोआप निवडलेला होता.

प्रतिसाद ७ मधील जाणकारांना सांगायचे तर तपासणीचा गुणाकार खरा आहे. मला तीन संध्याकाळी लागल्या. पण तो गुणाकार मी एकदा, माझ्या टेबलावर बसून केला. तो केला नसता तर प्रत्येक संगणकापाशी बसलेल्या माणसाला तो तुकड्या-तुकड्यांनी करावा लागला असता, आणि तेव्हा समोर फक्त ती काळ्या पडद्यावरची ओळ असती. डिस्क बिघडल्यास सर्व अडतील हेही खरे आहे, म्हणून तीच आयएसओ दोन डीव्हीडींवर आणि एका पेनड्राइव्हवर उतरवली आहे. ३२ बिटचे दिवस सरले असतील. पण आजच्या या डिस्कमधून ते फोल्डर उद्या काढले तरी ६४ बिट पीसी आणि एआरएम६४ हे दोघे त्याच फॅट विभागात, त्याच मेन्यूवर राहतील.

चौदापैकी अकरा संगणकांवर सिस्टिम बसली आहे, त्यात ३२ बिट यूईएफआयची दोन्ही यंत्रे आहेत. एआरएम यंत्राचा इन्स्टॉलर चालू झाला, पण त्याचे नेटवर्क कार्ड ओळखले गेले नाही, कारण त्याचे फर्मवेअर पॅकेज मी फक्त पीसीच्या सूचीत घातले होते. ते पॅकेज 'ऑल' प्रकारचे आहे आणि कोठारात आधीच आहे. एआरएम६४ च्या सूचीत त्याची नोंद करून आज रात्री आयएसओ पुन्हा बांधतो आणि उद्या इथे कळवतो.